समुद्रावरचं धोतर

मी लातुरात भौतिकशास्त्र शिकवतो. प्रकाश हा माझा हातखंडा धडा. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेल्या किती पोरांना मी तरंगलांबी, तीव्रता आणि अंतराच्या वर्गाचा व्यस्त नियम पाजला असेल, त्याची गणती नाही. आणि हाच मी, स्वतःच्या हॉलमधल्या अडीच हात लांबीच्या काचेच्या पेटीसाठी दिवा निवडताना एकदा नाही, दोनदा तोंडावर आपटलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं बायको म्हणाली. पेटी पाण्याने काठोकाठ भरलेली होती, त्यामुळे त्यातलं ‘कोरडे’ तेवढं मी नाकबूल केलं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते दाढेतून. आठवड्यातले दोन दिवस मी नांदेडच्या क्लासला शिकवायला जातो. तिथे एकदा दाढ ठणकायला लागली म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेलो, तर त्याच्या बसायच्या खोलीत भिंतीएवढा समुद्र. निळ्या उजेडात दगडावर उगवलेली, हिरव्या-नारिंगी बटणांसारखी जिवंत फुलं लुकलुकत होती. ते प्रवाळ होतं. जन्म गेला काळ्या रानात, समुद्र पाहिला तो सहलीत दोनदा, तोही ओहोटीचा. मी दाढ विसरलो. आत बोलावलं तेव्हा मी डॉक्टरला दाढेबद्दल एक आणि पेटीबद्दल अकरा प्रश्न विचारले. शेवटी त्याने वैतागून जुन्या नांदेडातल्या एका दुकानाचा पत्ता लिहून दिला आणि दाढ काढली.

दुकान एका चाचांचं. बापजाद्यांपासून कबुतरं आणि सोनेरी मासे विकणारं घर. चाचांनी त्यात समुद्राची भर घातली. त्यांच्याकडून पेटी, दगड आणि मिठाची पाकिटं एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून लातुरात आणली. लातुरात पाणी किती दिवसांनी येतं हे मी सांगायला नको; ते साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. अशा गावात मी जारचं शुद्ध पाणी विकत आणून त्यात मीठ कालवत होतो. बायको दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्याला मी सतरा वर्षांपासून घाबरतो.

बोलले ते दादा. दादा म्हणजे माझे वडील.

दादांना गणपतीच्या दिवसांत मी गावाकडून आणलं होतं. आणलं म्हणजे उचलून आणलं. गाव रेणापूरजवळ; शेतातच घर. आई गेल्यावर वर्षभर ते तिथे एकटे राहिले. एका पहाटे गोठ्यात पाय घसरून पडले आणि शेजारच्या रानातला माणूस दूध न्यायला येईपर्यंत तसेच पडून होते. मुका मार होता, निभावलं. पण त्या माणसाचा फोन आल्यापासून दादांना तिथे एकटं ठेवायला मी तयार नव्हतो. दादांना मात्र लातूर म्हणजे शिक्षा वाटत होती. हॉलमधल्या बाजेवर बसून ते फरशीकडे बघत राहत. कपडे त्यांनी कधी कपाटात ठेवू दिले नाहीत. तीन धोतरं, चार सदरे आणि गोळ्या भरलेली कापडी पिशवी बाजेखाली तयार, जणू कुठल्याही क्षणी एसटी लागणार होती.

“ह्या घरात जितं काय हाय?” ते विचारायचे. “खाली फरशी, वर पत्रा. येळवशीला शेतात जाऊ दे. तिथनं मी काय परत येनार न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो, मागनं डोळे गाळू नको.”

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी सगळं लातूर कुलूप लावून शेतात जेवायला जातं. तेव्हा दादांना नेणार नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. माझ्याकडे तेवढेच तीन-चार महिने होते. तेवढ्यात त्यांचं मन इथे कशात तरी अडकलं तर बरं, नाहीतर ते पुन्हा त्या गोठ्यात एकटे. ती पेटी मी त्यांच्यासाठी आणली असं म्हणालो तर खोटं होईल, ती माझीच हौस होती. पण ती त्यांच्या बाजेसमोर ठेवली ती मात्र मुद्दाम.

मीठ कालवताना पाहून ते म्हणाले, “आरं, दुनिया खारं पानी गोडं कराय मशिनी लावायली, आन तू गोड्या पान्यात मीठ टाकायलास. तुला पोरं शिकवाय कुनी ठिवलं?”

“दादा, यात प्रवाळ ठेवायचंय. पोवळं.”

“पवळं? मंगळाच्या अंगठीतलं?” ते क्षणभर विचारात पडले. “मंगळ कुनाला हाय? तुझ्या बायकूला?”

बायकोने आतून भांडं आदळलं.

आता दिव्याचं सांगतो. चाचांनी निघताना बजावलं होतं, “भाऊ, पानी-मीठ कुनालाही जमतं. ह्याचा जीव उजेडावर हाय. हे उजेडच खातं म्हना ना. दिवा मला इचारल्याशिवाय घेऊ नका.” भौतिकशास्त्राच्या माणसाला दिव्याबद्दल शिकवणारे हे कोण, असं मला वाटलं. मी लातुरात येऊन स्वतःच्या अकलेने दिवा घेतला.

आमच्याकडे वस्तू घ्यायची एक रीत आहे: कमी पडता कामा नये. लग्नात भात कमी पडला तर तीन पिढ्या त्याचं नाव निघतं. उरला तर कुणी विचारत नाही. त्या हिशेबाने मी खळ्यावरचा फोकस आणला. सोयाबीनच्या मळणीला शेतकरी बांबूला टांगतात तोच एलईडी फोकस. दुकानदाराने तो लावून दाखवला तेव्हा रस्त्यापलीकडच्या चहावाल्याने डोळ्यांवर हात धरला. मी म्हटलं, हाच.

तीन आठवड्यांत माझा समुद्र हिरवा झाला. दगड हिरवे, वाळू हिरवी, काच तर गोठ्याच्या भिंतीसारखी. प्रवाळ अजून आणलं नव्हतं म्हणून बरं. दादा चष्मा लावून जवळ गेले. “पीक तर आलं,” ते म्हणाले. “काढनी कवा?”

चाचांना फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, तुमी शिकवता काय?”

“भौतिकशास्त्र.”

“हां,” चाचा म्हणाले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. अशा अदबीने माझा अपमान तोवर कुणी केला नव्हता. मग त्यांनी समजावलं. पाण्यात खोल जावं तसा लाल-पिवळा उजेड वरच्यावर संपतो, खाली निळाच पोचतो. प्रवाळाला तोच लागतो. पांढऱ्याशुभ्र फोकसवर शेवाळच माजणार. डोळ्याला जे लख्ख वाटतं ते प्रवाळाच्या उपयोगाचं असेलच असं नाही. हे सगळं मी फळ्यावर दरवर्षी लिहीत आलो होतो. फक्त फळा क्लासात आणि पेटी हॉलमध्ये, एवढं अंतर पडलं.

त्यांनी दोन निळे दिवे पुढ्यात ठेवले. एक लहान आणि हुशार. मोबाइलवरून सांगावं तसा सकाळी हळूहळू उगवणारा, दुपारी वाढणारा, संध्याकाळी मावळणारा. म्हणाल तर मध्येच ढगही आणणारा. दुसरा थोराड आणि साधा. त्याला एकच बटण, लागला की पूर्ण लागला, बंद की बंद. “तुमच्या पेटीला हा छोटा पुरे,” चाचा म्हणाले. “कमी उजेडानं मेलेलं मी थोडं पाहिलंय, जास्तीनं मेलेलं लई.”

मी थोराड घेतला. भात कमी पडायला नको.

त्याच खेपेला प्रवाळही आणलं. चाचांकडचं प्रवाळ समुद्रातून ओरबाडलेलं नव्हतं. पेटीतच वाढवलेल्या मऊ जातीचं, पावतीसकट. सोड्याच्या बाटलीच्या झाकणाएवढ्या दगडावर अठरा बटणं. मी ती मोजली होती. पिशवी थर्माकोलच्या डब्यात, डबा मांडीवर आणि मी एसटीत. अहमदपूर सोडल्यावर कंडक्टरने विचारलं, “काय हाय डब्यात?”

“समुद्र,” मी म्हणालो.

“मासं असत्याल तर मागं बसा, वास येतो,” तो म्हणाला आणि मला मागे बसवलं.

निळा दिवा लागला त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत बातमी झाली. खिडकीतून निळा उजेड सांडत होता. समोरच्या घरातले आजोबा फाटकाशी येऊन दोनदा वाकून गेले. बायको हॉलच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. “अहो, परमिट रूम उघडली का आपण? मला गिऱ्हाइकांसाठी चकणा करायचा असेल तर आधी सांगा.”

मी हसलो, पण माझं लक्ष बटणांकडे होतं. पहिल्या दिवशी अठरा उघडली. चौथ्या दिवशी दहा. आठव्या दिवशी सगळी मिटली, आणि हिरवा रंग उतरून ती फिक्कट, मेणासारखी दिसायला लागली. मला खरंच वाईट वाटलं. ही हौस होती, पण त्या डब्यातून मी जीव आणले होते. मग मी घरादारावर घसरलो. बायकोच्या उदबत्तीचा धूर पाण्यात जातो म्हणालो. ती म्हणाली, देवाला निळा दिवा चालत नसेल. मिठाचं प्रमाण तपासलं, पाणी बदललं, दगड हलवला. दिव्यावर माझा संशयच गेला नाही. एवढा दणकट दिवा, तो कसा चुकेल?

दादा बाजेवरून सगळं बघत होते. एकदा नुसतं म्हणाले, “कवाचं आनलं?” मी म्हणालो, आठ दिवस झाले. “आन त्ये आधी कुठं होतं?” चाचांकडे, आत, कोपऱ्यातल्या पेटीत. “हं,” दादा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

त्यानंतर चमत्कार झाला. आठवडाभरात दोन बटणांनी डोळे किलकिले केले. मग पाच उघडली. पंधरवड्यात कडेने हिरवी झाक परतली. मी फुशारलो. वर्गात उगाच समुद्राची उदाहरणं द्यायला लागलो. बायकोला पाण्याची क्षारता या विषयावर जेवताना व्याख्यान दिलं. तिने ते ऐकून घेतलं आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली. ती हसते आहे असा मला भास झाला.

काही गोष्टी मात्र जुळत नव्हत्या. पाण्यावर कधीमधी पांढरा सुताचा धागा तरंगायचा. आणि दिवा. मी तो साखळीने टांगला होता, पेटीपासून वीतभर वर. एके दिवशी पाहिलं तर तो चांगला दीड वीत वर, साखळीला सुतळीची गाठ. बायकोला विचारलं. “झाडताना लागलं असेल,” ती म्हणाली. झाडताना सुतळीची गाठ बसते हे मला नवीन होतं. पण बटणं उघडत होती, आणि यश मिळत असताना चौकशी करू नये हे मी शिकलो आहे.

मग एका दुपारी क्लासची वीज गेली, जनरेटरने मान टाकली आणि मी एक वाजता घरी आलो. रोज मी अकराला जातो तो संध्याकाळी येतो. दार ढकललं. हॉलमध्ये निळा उजेड नव्हता. पेटीवरच्या जाळीवर दादांचं जुनं धोतर पसरलेलं होतं, चार घड्या करून, चारी कोपऱ्यांना सुतळीने बांधून. घड्यांमधून अंधुक निळं काहीतरी पाझरत होतं. आणि दादा बाजेवर, मांडीवर काठी घेऊन, राखणीला बसल्यासारखे बसलेले. बायको शेजारी तांदूळ निवडत होती. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की चोर मीच.

“दादा, हे काय?”

“तिरीप लागती,” दादा म्हणाले. “डोळ्यावर येती. म्हून झाकलं.”

“मग दिवा बंद करायचा. बटण आहे.”

“मला काय कळतंय बटनाबिटनातलं.”

“आणि तिरीप लागते तर एक घडी पुरे होती. चार कशाला?”

“आदी चार होत्या व्हय?” ते उसळले. “आदी आठ होत्या! आठाच्या सा केल्या, साच्या चार. परवा तीन करनार होतो. आरं, मिरचीचं रोप वाफ्यातनं काढून रानात लावल्यावर पयल्या दिशी भर उनात उघडं टाकतो का रं कुनी? डोक्यावर पळसाचं पान घालावं लागतं. चार दिस सावली, मग सकाळचं ऊन, मग दुपारचं. हे तुझं पवळं त्या चाच्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं. तू आनलंस आन खळ्यावर उभं केलंस. जळंल न्हाई तर काय हुईल?”

बोलता बोलता आपण तिरिपीवरून मिरचीवर आलो हे त्यांच्या लक्षात आलं. ते थांबले, तंबाखूची चंची काढली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. “मला काय करायचंय तुझ्या पवळ्याशी. तिरीप लागती म्हून झाकलं.”

मी दिव्याचं अंतर मोजलं. एक वीत होतं त्याचं दीड वीत झालं होतं. अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने उजेड निम्म्याच्याही खाली आला होता. मी जे वर्षानुवर्षं फळ्यावर सोडवत होतो ते दादांनी सुतळीने सोडवलं होतं. बायको तांदळात तोंड घालून हसत होती; या कटात ती पहिल्या दिवसापासून सामील होती. मला राग यायला हवा होता. पण मी इतका खूश झालो की स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या दोन ग्लास पाणी प्यायलो, बाहेर आलो आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालो, “ठीक आहे. तिरीप लागत असेल तर झाकत जा.”

पुढच्या खेपेला चाचांना हे सांगितलं. ते दाढी कुरवाळत ऐकत राहिले. “तुमचे अब्बा जानकार हायेत,” ते म्हणाले. “आमी बी जाळीच्या पट्ट्या लावून असंच करतो. पन रोज किती दिवस धोतर बांधत बसनार म्हातारा मानूस? तो हुशार दिवा घेऊन जा. सगळं आपोआप.” ते पटलं. पैसे देऊन मी खोकं घेतलं आणि लातुरात आलो.

दारात चपला काढत होतो, तर आत दादा फोनवर. पलीकडे गावातला त्यांचा जोडीदार असावा. दादा फोनवर नेहमी ओरडतात, त्यामुळे गल्लीलाही ऐकू आलं असेल. “आरं कसं येऊ? न्हाई जमत. हितं मळा लावलाय म्हन की. दिसातनं दोनदा सावली बघावी लागती... न्हाई, पोराला न्हाई कळत त्यातलं. त्यो मास्तर हाय... आता येळवशीलाच. मग बघू.”

मग बघू. गणपतीपासून मी दादांच्या तोंडून ‘परत येणार नाही’ एवढंच ऐकलं होतं. ‘मग बघू’ पहिल्यांदा ऐकलं.

मी खोकं छातीशी धरून दारातच उभा राहिलो. माझ्या हातात जगातला उत्तम दिवा होता, आणि तो लावला की दादांचं काम संपत होतं. उगवणं, मावळणं, सावली, सगळं आपोआप. मग बाजेवर बसून त्यांनी फरशीच बघायची. मी मागच्या दाराने आत गेलो, स्टूल घेतलं आणि खोकं माळ्यावर जाजमांच्या मागे सरकवलं. बायकोने ते पाहिलं. “परत तरी करा,” ती हळूच म्हणाली. “बघू,” मी म्हणालो. आमच्या घरात हा शब्द त्या दिवशी बराच चालला.

येळवस आली. आदल्या दिवसापासून घरात शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील आणि बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांचा घमघमाट होता. सकाळी दादांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं, पिशवी बाजेखालून ओढली आणि काही न बोलता गाडीत नेऊन ठेवली. मी ती उघडून पाहिली. लाज वाटली, तरी पाहिली. सदरे, उरलेली दोन्ही चांगली धोतरं, महिनाभराच्या गोळ्या. काहीच मागे ठेवलं नव्हतं, पेटीवरचं ते एक फाटकं धोतर सोडून. मी पिशवी होती तशी बंद करून ठेवली.

त्यांना थांब म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. म्हटलं असतं तर ते नक्कीच थांबले नसते. म्हणून मी लबाडी केली. सगळे बाहेर पडल्यावर पेटीवरचं धोतर सोडून खुर्चीवर टाकलं आणि निळा दिवा पूर्ण लावून ठेवला. एका दिवसाने प्रवाळ मरणार नव्हतं, तोवर ते चांगलं रुळलं होतं. मला फक्त दुपारसाठी एक वाक्य हवं होतं. मी येऊन गाडी चालू केली, तेवढ्यात मागून दादा म्हणाले, “थांब. चंची राहिली आत.” घराची किल्ली घेऊन ते गेले आणि चांगल्या पाच मिनिटांनी आले. या वयात माणूस विसरतोच, असं मला वाटलं.

शेतात गेल्यावर दादा वेगळेच झाले. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव मांडलेले, पुढे हरभरा आणि ज्वारी वाऱ्यावर हलणारी. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हाताला धरून जेवायला बसवलं. “आरं, नुसती आंबील पिऊन जा,” म्हणत त्याच्या पानात चार उंडे घातले. मला वाटलं, या माणसाला मी फरशीवर नेऊन बसवतो आहे. काय हक्क आहे मला? मग गोठ्याकडे नजर गेली. दादा घसरले ती गुळगुळीत फरसबंदी तशीच होती.

चारच्या सुमारास ऊन कललं. दादांची पिशवी कोपीतल्या खांबाला टेकवलेली. बायको भांडी आवरत होती. मी घसा खाकरला. 

“दादा, एक घोळ झाला. घरी दिवा चालूच राहिला. आणि धोतर टाकायचं राहिलं.”

दादांनी तंबाखू मळायची थांबवली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. मग पिशवीकडे. मग उन्हाकडे.

“कवापास्नं?”

“सकाळपासून.”

“आरं येड्या!” ते काठी टेकून उठलेच. “सकाळपास्नं? आन आत्ता सांगायलास? सूनबाई, आवर त्ये. चल, ऊठ, गाडी काढ!” आणि पिशवी त्यांनी स्वतःच उचलली. मी धरायला गेलो तर दिली नाही.

रस्ताभर ते मागून ढोसत राहिले. “दाब की जरा. ट्रॅक्टर पुढं जायलेत तुझ्या.” मी दाबत होतो. मनातल्या मनात उड्या मारत होतो. असा डाव साधणारा मास्तर लातुरात दुसरा नसेल, असं मला वाटत होतं.

घरी पोचलो तर दिवेलागण झालेली नव्हती. कुलूप दादांनीच काढलं, किल्ली त्यांच्याच खिशात होती. मी मागोमाग आत गेलो. हॉलमध्ये निळा उजेड नव्हता. दिवा बंद होता. आणि पेटीवरच्या जाळीवर धोतर, एक घडी, चारी कोपऱ्यांना सुतळी. ती गाठ आमच्या घरात एकाच माणसाला येते.

मी बायकोकडे पाहिलं. “मी हातसुद्धा लावला नाही,” ती म्हणाली. “शेवटचे मामंजीच आले होते बाहेर. चंची आणायला.” मग तिला आठवलं. “पण चंची तर त्यांच्या हातातच होती. गाडीत बसल्यापासून तंबाखू मळत होते.”

म्हणजे शेतात मी तोंड उघडलं तेव्हा दादांना ठाऊक होतं की दिवा बंद आहे. माझं वाक्य खोटं आहे हे त्यांना पहिल्या शब्दापासून माहीत होतं. आणि तरी ते उठले होते. येड्या म्हणाले होते, गाडी काढ म्हणाले होते, रस्ताभर मला ढोसत आले होते.

 दादांनी धोतराची गाठ सोडली, वाकून आत पाहिलं आणि बटणं मोजली. मग पिशवीतले सदरे आणि धोतरं काढून सुनेच्या हातात दिली. “कपाटात ठिव. चुरगळायलेत.” रिकामी पिशवी त्यांनी दाराच्या खिळ्याला अडकवली आणि बाजेवर बसले.

“बघत काय राहिलास?” ते मला म्हणाले. “माळ्यावर जाजमाच्या मागं खोकं हाय त्ये त्या चाच्याला परत देऊन टाक. आपोआपचा दिवा कशाला पायजे? घरात मी हाय की.”